नालवाडीच्या टीव्हीतल्या मुंग्या

वानखडे सरांचा टीव्ही व्हिडिओ गेमने बिघडवला, असं मी त्यांच्याच बैठकीत बसून ठासून सांगितलं होतं. ते खोटं होतं. सांगताना मला ते खोटं वाटत नव्हतं, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल. पण तपासलं नसताना ठासून बोललो, ती चूक माझीच.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी वर्ध्यात रेडिओ-टीव्हीच्या एका दुकानात मेकॅनिक होतो. मालकांना सगळे काकाजी म्हणत. गावात गेमचे डबे नुकतेच यायला लागले होते, आणि दुकानात आलेला माणूस त्याबद्दल विचारल्याशिवाय जात नसे. डोळे खराब होतात काय? लाइटचं बिल वाढते काय? आणि सगळ्यात जास्त विचारलं जायचं ते म्हणजे, यानं टीव्ही खराब होते काय? आम्हा मेकॅनिक लोकांचं उत्तर ठरलेलं होतं. होते. कोणी तपासून पाहिलं नव्हतं. एकाने दुसऱ्याला सांगितलं होतं, दुसऱ्याने मला.

वानखडे सर हायस्कूलला शिकवायचे, राहायला वर्ध्याजवळच्या नालवाडीत. त्यांच्या मिसेसचं, सुनंदावहिनींचं माहेर रोहण्याचं. वहिनींचा भाऊ दिनकर आखातात नोकरीला होता. त्या वर्षी तो सुट्टीवर आला आणि भाऊबीजेला त्याने ओवाळणी म्हणून गेम घातला. खोका ताटात मावला नाही म्हणून पाटाशेजारी ठेवला, हे वहिनींनी मला हसत हसत सांगितलं. तो जोडून द्यायला मी गेलो होतो.

आता थोडं कामाचं. तेव्हा आमच्याकडे चित्र नागपूरहून यायचं. इतक्या लांबून येईपर्यंत सिग्नल दुबळा व्हायचा. म्हणून अँटेनाच्या पाइपावर बूस्टर लावत. बूस्टर म्हणजे सिग्नलला जोर देणारी छोटी डबी. तिला लागणारी वीज टीव्हीजवळच्या सप्लायमधून, अँटेनाच्याच वायरने वर जायची. म्हणजे त्या एका वायरमधून चित्र खाली येई आणि वीज वर जाई. गेमबरोबरही एक जोडडबी येत असे. अँटेना आणि गेम, दोन्ही तिच्यातून टीव्हीला जोडायचे.

ही जोडडबी टीव्हीच्या मागे बसवायची तर तो जड टीव्ही शोकेसमधून ओढावा लागला असता. मी कंटाळा केला. खिडकीतून वायर आत येत होती, तिथेच ती कापली आणि जोडडबी लावली. गेम सुरू केला. एकदम स्वच्छ चित्र. भिंतीच्या विटा चेंडूने फोडायचा खेळ होता. सर दोन मिनिटांत हरले. वहिनींनी सगळी भिंत पाडली.

"शाळेत पोरांच्या चुका काढता, इथं एक चेंडू नाई अडवता येत तुम्हाले," वहिनी म्हणाल्या.

सगळे हसले. मी चहा घेऊन निघालो. दुपारची वेळ, टीव्हीवर कार्यक्रम नव्हता. त्यामुळे नुसता टीव्ही कसा दिसतो ते मी पाहिलंच नाही.

संध्याकाळी बातम्या लागल्या तर पडद्यावर मुंग्याच मुंग्या, नुसते वळवळणारे काळे-पांढरे ठिपके. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.

"गेम काढून कपाटात ठेवला, तरी मुंग्या जात नाहीत," सर म्हणाले.

"म्हणजे नुकसान होऊन गेलं सर. गेमने ट्यूनर खाल्ला."

ट्यूनर म्हणजे हवं ते केंद्र पकडून देणारा भाग. हा शब्द ऐकला की गिऱ्हाईक पुढे काही विचारत नसे. सरांची आई दारात उभी होती.

"हिच्या माहेराहून एक वस्तू धड आली असन तं शपथ," ती म्हणाली.

वहिनींनी कपाट उघडलं. गेम खेळताना हातात धरायच्या दांडीला तिची सुटलेली वायर गुंडाळत राहिल्या.

टीव्ही दुकानात आणला, ट्यूनर उघडून साफ केला. संध्याकाळी लावला तर चित्र आरशासारखं. नालवाडीला नेला, पुन्हा मुंग्या. परत आणला, नवा ट्यूनर टाकला, दुकानात उत्तम. घरी नेला, पुन्हा तेच. दुकानात चालतो तो घरी का चालत नाही, हा प्रश्न शिकाऊ पोरानेही विचारला असता. मी विचारला नाही. मी म्हणालो, "गेमने टीव्ही आतून कमजोर झाला आहे."

चार-सहा दिवसांनी सर गेमचा खोका घेऊन दुकानात आले.

"दिनकर रविवारी निरोप घ्यायला येतो आहे. त्याची सुट्टी संपली. आई म्हणते, हे त्याला परत देऊन टाका. तू एकदा चालवून बघ. नंतर तो म्हणायला नको, की आम्ही बिघडवून दिला."

"वहिनी काय म्हणतात?"

"ती बोलत नाही आहे. माझ्याशीही."

भाऊबीजेची ओवाळणी परत करायची म्हणजे भावाला या दारात पुन्हा येऊ नको म्हणण्यासारखंच. आणि त्याच्या मुळाशी माझा शब्द होता. तरीही तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. सर गेल्यावर मी गेम दुकानातल्या शोकेसमधल्या नव्या टीव्हीला जोडला. सरांची जोडडबी त्यांच्या खिडकीतच राहिली होती. आमच्याकडे तशीच दुसरी होती. तीही मी तशीच खिडकीपाशी, वायर कापून बसवली. गेम झकास चालला.

संध्याकाळी बातम्या पाहायला दुकानासमोर नेहमीची माणसं जमली. मी टीव्ही लावला. मुंग्या.

"काऊन गा, नवा टीव्ही अन् मुंग्या?" एकाने विचारलं.

गेम काढला, तरी मुंग्या. मग जोडडबी काढली आणि वायरीला वायर पिळली. चित्र स्वच्छ. जोडडबी पुन्हा लावली, मुंग्या. मीटर आणला. जोडडबीच्या अलीकडे सप्लायची वीज होती, पलीकडे, बूस्टरच्या बाजूला, काहीच नाही.

त्या जोडडबीच्या पोटात कॅपेसिटर असतो. तो चित्राचा सिग्नल जाऊ देतो, बूस्टरची वीज अडवतो. खिडकीत ती बसवून मी वरच्या बूस्टरचा घासच काढून घेतला होता. गेम कपाटात गेला तरी डबी वायरीत राहिली, म्हणून मुंग्याही राहिल्या. जोडडबी सप्लाय आणि टीव्हीच्या मध्ये लावायला हवी होती, बस.

हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं, कोणी मला शिकवलं नव्हतं. ते मी माझ्या हाताने शोधलं, आणि त्याचा अभिमान मला आजही आहे. पुढे आर्वीपासून सिंदीपर्यंतचे मेकॅनिक गेम जोडण्याआधी जोडडबी कुठे लावायची ते मला विचारून जात. पण त्या संध्याकाळी बातम्या संपेपर्यंत त्या अभिमानाची चव गेली. मला दारात उभी राहिलेली सरांची आई आठवली, आणि वहिनी.

काकाजींना सगळं सांगितलं. त्यांनी सुपारी तोंडात टाकली.

"जाय, डबी सरकव, अन् सांग का जुनी डबी खराब होती, बदलून देल्ली. काम झालं."

"अन् गेमचं?"

"गेमचं काय? सारेच म्हणतात खराब होते."

"पण होत नाई काकाजी. मी पाह्यलं."

"अबे, मेकॅनिकच म्हणन का मी चुकलो, तं उद्या कोन येईन आपल्याकडं?"

रविवारी गेमचा खोका आणि नव्या ट्यूनरचे घेतलेले पैसे घेऊन नालवाडीला गेलो. पैसे माझ्या पगारातून कापा, असं काकाजींना सांगून ठेवलं होतं. त्यांनी कापले.

दिनकर येऊन बसला होता. मी खोका खाली ठेवला. मी सरांना म्हणालो, "टीव्ही ओढायला हात लावा." दोघांनी मिळून ओढला. जोडडबी खिडकीतून काढली, वायर सांधली, डबी सप्लायच्या पुढे टीव्हीपाशी लावली. रविवारी सकाळीही कार्यक्रम असायचे. चित्र लख्ख आलं. गेम जोडला, चालवला, पुन्हा कार्यक्रम लावला. तरीही लख्ख.

"आता कसा आला?" सरांच्या आईने विचारलं. "काय बदललं?"

डबी खराब होती, एवढं म्हणून मी सुटलो असतो.

"डबी तीच आहे आजी. जागा बदलली. आधी चुकीच्या जागी मीच लावली होती."

"मग ट्यूनर?" सर म्हणाले.

"ट्यूनर धड होता, सर." मी पैसे टेबलावर ठेवले.

दिनकर पुढे सरकला. "म्हंजे गेमनं काईच नाई झालं?"

"काईच नाई. त्यानं टीव्ही खराब होतच नाई."

काकाजींची भीती खरी ठरली नाही. पुढच्या उन्हाळ्यात गेम जोडायला लोक मला नावाने विचारत आले. एवढं मात्र शिकलो, की मेकॅनिक 'माहीत नाही' म्हणायला लाजला की भांडण गिऱ्हाइकाच्या घरात होतं.

त्या रविवारी वहिनी हे सगळं ऐकत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्यासमोर गेलो. सर, त्यांची आई, दिनकर, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"वहिनी, न पाहता बोललो मी. तुमच्या भावाच्या ओवाळणीले नाव ठेवलं, अन् त्याच्यापायी तुम्हाले ऐकून घ्या लागलं. चूक माही होती. मले माफ करा."