मामांना बसवून ठेवा

मी गावची आशा वर्कर. कोणाची बाई अडली, कोणाचं लेकरू तापलं की पहिलं माझं दार वाजतं. बाया म्हणतात, ताई म्हणंल तसं. घरात मात्र माझं कोणी ऐकत न्हाई. पिकतं तिथं विकत न्हाई म्हणतात, ते काही खोटं न्हाई. गावात मी ताई, घरात मी सून, अन् सुनेनं थोरल्यांसमोर तोंड उघडायचं नसतं. हे लिहिताना बी डोकं तापायलंय. तापू द्या.

मामा म्हणजे माझे सासरे. त्यांचं हृदय कमजोर झालं होतं. परभणीच्या डॉक्टरनं मला समोर बसवून नीट समजावलं होतं, "यांच्या फुफ्फुसात पाणी भरतं. दम लागला की ताठ बसवा, पाय खाली सोडा, अँबुलन्सला फोन करा. आडवं करायचं नाही, तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही." ह्यात अवघड काय हाय सांगा? शेंबड्या पोराला बी कळंल.

पहिल्या खेपेला सकाळचे दहा वाजले असतील. मामा बाजेवर बसून तंबाखू मळायलते, अन् एकदम त्यांना दम लागला. छातीत घरघर, ओठ काळेनिळे, अंग घामानं चिंब. मालक पुण्याला कंपनीत, घरात आमी दोघी सासू-सुना. मी मामांचे पाय खाली सोडले, पाठीमागं दोन वाकळा घडी करून लावल्या अन् फोन लावला. गाडी झरी गावाच्या पल्याड होती, अर्धा तास लागंल म्हणले. मामांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. बसल्यानं त्यांना जरा बरं वाटायलतं.

तेवढ्यात त्यांचे थोरले भाऊ आले, मागं भावकी. थोरल्यांचा शब्द कोणी खाली पडू देत न्हाई. गावात कोणाचं बी मरण असो, माणसाला भुईवर कधी घ्यायचं ते थोरलेच ठरवतात. बाजेवर जीव गेला तर गती मिळत न्हाई, म्हणून जाणाऱ्याला आधी खाली घ्यायचं, तोंडात तुळशीचं पान अन् गंगेचं पाणी घालायचं. गोदावरीला आमी गंगाच म्हणतो. ह्या रिवाजाला माझं काही म्हणणं न्हाई. जाणाऱ्याला करा की. पण मामा कुठं जायलते? त्यांना दम लागला होता.

थोरल्यांनी एक नजर टाकली अन् म्हणले, "जीव अडकलाय. खाली घ्या."

मी म्हणलं, डॉक्टरनं आडवं करू नका म्हणून सांगितलंय. कोणी बघितलं बी न्हाई. दुसऱ्यांदा म्हणलं, गाडी यायलीय, तवर बसू द्या. तिसऱ्यांदा म्हणलं तवा थोरले वळले, "गावाची आशा असशील. हितं सून हायस. जा, पाणी आण."

मी पदर सावरला अन् पाणी आणायला गेले. हो, मीच आणलं. माझ्या हातानं. चौघांनी मामांना भुईवर आडवं केलं. ते कोपरावर जोर देऊन उठायला बघायलते, तर म्हणले, जीव तळमळायलाय. खांदे दाबून धरले.

त्यांचं नशीब, गाडी लवकर आली. आतली डॉक्टरीण कोवळी पोरगी होती, पण तिनं सगळ्यांना बाजूला सारलं, मामांना उठवून बसवलं अन् ऑक्सिजन लावला. "यांना आडवं कोणी केलं?" म्हणून विचारलं. सगळे भिंतीकडं बघायले.

आठ दिवसांनी मामा चालत घरी आले. थोरल्यांनी पारावर बसून गावभर केलं, भुईवर घेतलं, गंगा पाजली, म्हणून भाऊ माघारी आला. लोकं मान डोलवायले. मला तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

एक दिवस दुपारी मी ज्वारी निवडायलते. मामा बाजेवरून म्हणले, "तवा मला सगळं ऐकू येत होतं. तीनदा म्हणलीस. मग गप कामून बसलीस?"

मी म्हणलं, "थोरले होते."

"ते थोरले हायेत. दम माझा जायलता."

मला लय राग आला, आधी स्वतःचा, मग त्यांचा. म्हणलं, "मामा, मग तुमीच सांगा की थोरल्यांना. तुमचे सख्खे भाऊ हायेत." मामा म्हणले, बघू. रोज संध्याकाळी दोघं भाऊ पारावर मांडीला मांडी लावून बसायचे. पण तेवढं त्यांच्या तोंडून निघालं न्हाई. मी बी परत विषय काढला न्हाई. आत्यांना मात्र, म्हणजे सासूबाईंना, चारदा करून दाखवलं, वाकळा कशा लावायच्या, पाय कसे सोडायचे. त्या हो हो म्हणायच्या.

कापूस वेचणीच्या दिवसात मी तालुक्याला मीटिंगला गेले होते. आत्यांचा फोन आला, "ह्यांना दम लागलाय." म्हणलं, "बसवून ठेवा, मी गाडीला फोन करते. आत्या, ऐकायलाव का? बसवून ठेवा."

आत्या म्हणल्या, "थोरले आलेत."

मी गाडीला फोन केला अन् मिळंल त्या ऑटोत बसले. घरी पोचले तर अँबुलन्स दारात उभी होती, अन् तिच्यात कोणाला घालायची घाई दिसत न्हवती. मामा भुईवर होते. मिशा ओल्या, ओठावर तुळशीचं पान. थोरले डोळे पुसत मला म्हणले, "लय शांत गेला बघ."

आत्या माझ्या गळ्यात पडल्या. "सारखं उठायलते गं," त्या म्हणल्या. "शेवटपर्यंत उठायलते. चौघांनी धरलं, तवा कुठं शांत झाले."

खांदा द्यायला बी तेच चौघं होते.