आत्याची अर्धी गाणी

लातूर जिल्हा वेगळा झाला त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, नांदेडमध्ये कॅसेटसाठी गाताना माझी आत्या पहिल्याच गाण्याच्या पहिल्या ओळीनंतर गप्प झाली.

आत्या तेव्हा साठीची होती. जयंतीला औसा, निलंगा, पार देगलूरपर्यंत ती गायला जायची, पण ती गाणी दुसऱ्यांनी लिहिलेली असत. कॅसेटवाल्याला तिची स्वतःची हवी होती. दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडताना तिने रचलेली आणि काम संपल्यावर पुन्हा कधी न गायलेली. तिच्या गळ्यात गाठ होती. शनिवारी ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यानंतर आवाज राहणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी लातूरच्या एका दैनिकात उपसंपादक होते. रजा काढून तिच्यासोबत आले होते.

पहिली ओळ होती, “आटली विहीर बाई, आटली नदी.”

रेकॉर्डिंग करणाऱ्याने मशीन थांबवलं. “आजी, पुढचं?”

“पुढचं माझं न्हाई. वैनीचं हाय.”

“तुम्हीच म्हणा ना.”

“मला येत न्हाई म्हनते ना बाबा. मी सोडायची, ती धरायची. असंच हाय समदं.”

सगळी गाणी तशीच निघाली. अर्धी.

वैनी म्हणजे माझी आई. खडीवर दोघी समोरासमोर बसत. एकीचा हातोडा पडायचा तेव्हा दुसरी ओळ म्हणायची, म्हणजे दम पुरायचा. आत्या ओळ टाकायची. आई तिला जोड द्यायची, त्या क्षणी सुचेल ती. पुढे तीच कायम व्हायची. गाणी आत्याची म्हणून ओळखली जात. आईची त्याला हरकत नव्हती. तिला तो प्रश्नच माहीत नव्हता.

दुपारच्या एसटीने मी आईकडे निघाले. दिवस मावळताना औशाला पोचले. आई भाकरी थापत होती.

“मी कवा गाण्यात व्हते गं? गाणारी वन्सं. तुझं आपलं काहीतरीच.”

मी पहिली ओळ म्हटली. बेसूर. काठवटीतून मान वर न करता ती म्हणाली, “लेकीची शाळा बंद न्हाई कधी.”

ती लेक मी. दुष्काळात माझी शाळा सुटली नव्हती.

“झालं की. घे लिहून अन् जा. म्हशीला कोन बघंल इथं?”

मी वही काढली. दुसऱ्या गाण्याची ओळ सांगितली. आई थांबली. तव्यावरची भाकर करपली तरी तिला काही आठवेना. तिसऱ्यालाही तेच झालं.

“वन्सं सोडतील तसं यील ते,” ती म्हणाली. “कोरडं कसं सांगू?” मग काठवट बाजूला सारून उठली. “शेजारनीला म्हशीचं सांगून येते.”

बुधवारी दुपारी आम्ही नांदेडला पोचलो. आत्या रेकॉर्डिंगच्या खोलीच्या दारातच बसली होती.

“आलीस व्हय वैनी? केसं लई पिकली की गं.”

“तुमची काळी हायती जणू!”

“मला वाटलं, म्हशीला इचारून येशील.”

“इचारलं. जा म्हनली.”

दोघींना समोरासमोर बसवलं. आत्याने ओळ टाकली. आईने उशिरा धरली. तीनदा असंच झालं. रेकॉर्डिंगवाला घड्याळ बघू लागला. आई ओशाळली, पदर सारखा करू लागली.

“हात रिकामा हाय तिचा,” आत्या म्हणाली. “हातात काय तरी द्या तिच्या.”

एक लाकडी ठोकळा आणि बसायचा पाट मिळाला. ठक्‌ आवाज येईल म्हणून रेकॉर्डिंगवाल्याने पाटावर टॉवेल अंथरला. आईने ठोकळा उचलला, हाणला, आणि आत्याची ओळ संपायच्या आत तिची सुरू झाली. पुढची गाणी मधे न थांबता झाली. दोन ठिकाणी आत्याचा आवाज फाटला. पुन्हा घेऊ का, असं विचारल्यावर ती नको म्हणाली. साथीला बोलावलेला तबलेवाला शेवटपर्यंत हात मांडीवर ठेवून बसला होता.

शुक्रवारी दुपारी शेवटचं गाणं झालं. आत्याने आईच्या हातातला ठोकळा घेतला, उलटासुलटा करून पाहिला.

“वैनी, शाळेची ओळ कवा सुचली गं तुला?”

“ही रडत व्हती त्या दिवशी. पाटी फुटली म्हनून.”

“मला वाटायचं, मीच म्हनले व्हते.”

“तुम्हीच म्हनलात की. मी निस्ती धरली.”

शनिवारी ऑपरेशन झालं. आवाज गेला. पोळ्याच्या आठवड्यात कॅसेट आली. वरच्या कागदावर आत्याचं नाव होतं, आणि आत्याने खुणेने हट्ट धरल्यामुळे त्याखाली त्याच आकाराच्या अक्षरात आईचं. टॉवेल असूनही ठोकळ्याचा आवाज प्रत्येक गाण्यात ऐकू येतो.

त्यानंतर आत्या सात वर्षं होती, आमच्याकडेच, औशाला. घरात टेप लागला की पहिली ओळ टेपमधून यायची. दुसरी आई टेपच्या आधी म्हणायची.