दौंडात गोठवलेली हिमनदी

१९९८ च्या मे महिन्यात खुटबावच्या माझ्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, हिमालयातली हिमनदी दुधाच्या किटलीतून दौंडला आणली. मी त्यांच्याबरोबर होतो.

चुलतीचे गुडघे गेले होते, म्हणून यात्रा कंपनीने तिला नाकारले. आम्ही निघताना ती म्हणाली, "देव हितं बी हाय. मला फकस्त बर्फावर एकदा पाय ठिवायचा हुता."

"घिऊन येतो," आबा म्हणाले.

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून हिमनदी दीड दिवसाच्या चालीवर होती. आधी झाडे संपली, मग झुडपे. पुढे दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे आणि मधे दगडगोट्यांनी झाकलेला राखाडी बर्फ. लांबून तो खडी क्रशरचे आवार वाटत होता. त्याच्या तोंडाशी निळसर गुहा होती. तिच्यातून नदी बाहेर पडत होती.

आबांनी बराच वेळ पाहिले. "एवढं पाणी चाललंय, आन् भिजवायची पाळी कुणाचीच न्हाई?"

त्यांनी किटली बर्फाने भरली. परतताना फाटकावरच्या पहारेकऱ्याने ती उघडली.

"बाबाजी, पत्थर, पौधा, बर्फ, कुछ बाहर नहीं जाएगा."

"आन् पानी?"

"पानी ले जाओ."

आबा किटली उन्हात ठेवून शेजारी बसले. दुपारी बर्फ वितळला. पहारेकऱ्याने पुन्हा तपासून आम्हाला सोडले.

दौंडला उतरल्यावर आबा थेट बर्फाच्या कारखान्यात गेले. मालकाने किटलीत डोकावले.

"आबा, एवढ्यानं साचा पाव बी भरायचा न्हाई. वरून आमच्या बोअरचं घालतो."

"घाला. पर आधी आमचं गोठू द्या."

लादी निघाल्यावर आपले पाणी जिथे संपत होते तिथे आबांनी लादीभोवती सुतळी बांधली. सकाळी लादी भुशात गुंडाळून टेम्पोने खुटबावला आणली आणि अंगणात ठेवली. शेजारी जमले.

"अवो, ह्यो तर दौंडचा," चुलती म्हणाली.

"सुतळीपतुर तिकडचा हाय. हितं ठेव पाय."

"घसरंल की."

"मी धरलंय न्हवं?"

तिने उजवा पाय ठेवला, मग डावा.

"लई गार हाय वो! तिकडं बी एवढाच गार?"

"तिकडं जरा जास्त."

"तुम्ही बी या की वर."

"मी जाऊन आलोय," आबा म्हणाले.

पाय बधिर होईपर्यंत ती त्यांच्या खांद्याला धरून लादीवर उभी राहिली.