हौसाची ओली टोपली

पडदा उघडतो तेव्हा समोर पेणच्या खाडीकडचं एक देऊळ, पुढे सारवलेलं अंगण आणि अंगणात लुगडं नेसलेला हिरामण. साल सत्तरच्या आसपासचं, शिमग्याच्या नाटकाची तालीम. भातगिरणीतला हा देखणा गडी मिठागरातल्या बाईचं सोंग घेऊन चालतोय. मान डावीकडे कललेली, डावा डोळा गच्च मिटलेला, पाय तिरपे. बघणारे हसून हसून लोळताहेत. हसत नाही ती एकटी, अंगणाबाहेर उभी मिठागरातली हौसा, कारण ती चाल तिची आहे.

तालमीतलं हसू एव्हाना गावभर झालं होतं. पोरं डोळा मिटून तिच्यामागे चालत. तेही तिनं सोसलं असतं. पण मिठागरातून परतताना तिची लेक चांगुणा तिच्याबरोबर चालेनाशी झाली. झपाझप पुढे निघून जाई. लेक पुन्हा शेजारी चालली पाहिजे, एवढं हौसानं मनाशी पक्कं धरलं आणि ती तडक अंगणात शिरली.

"हिरामण, मला वेडावतोस व्हय?"

"नाय गो काकी. नक्कल हाय ती. कला हाय."

"नक्कल करणाऱ्यानं समदं उचलावं. तू मान उचललीस, डोळा उचललास, नि डोईवरची मिठाची टोपली तेवढी मागं ठेवलीस. ह्याला वेडावनंच म्हनतात."

"टोपली कशाला? लोक असंच हसतात की."

"उद्या मिठागरात ये. लुगडं नेसून आलास तरी चालंल."

आता हसू हिरामणवर उसळलं. त्या चिडीनंच तो दुसऱ्या दिवशी आला. हौसानं त्याच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, वर ताज्या मिठाची टोपली चढवली. टोपलीतून खारं पाणी ठिबकायला लागलं. ते एकाच अंगानं जावं म्हणून त्याची मान आपसूक डावीकडे कलली. डावा डोळा चरचरून मिटला, उजवा पायाखालचं बघायला उघडा राहिला. निसरड्या बांधावर पाय तिरपे पडू लागले.

"आता हस," हौसा मागून म्हणाली.

तो हसला नाही. पण गडी रंगभूमीचा होता. मिठाच्या राशीपर्यंत पोचल्याशिवाय त्यानं टोपली उतरवली नाही, आणि पुढे ओल्या टोपलीशिवाय ते सोंग कधी केलं नाही.

नाटक रोह्याला गेलं, तेव्हा त्यानं मायलेकींना मुद्दाम नेऊन पुढे बसवलं. तो ओली टोपली घेऊन आला तशी मागून कुणीतरी शिट्टी मारली. मग पाणी त्याच्या गालावरून ओघळताना दिसलं आणि शिट्टी पुन्हा वाजली नाही. चांगुणा आईकडे न बघता तिच्या जवळ सरकली.

खेळ संपला. सामान ट्रकमध्ये चढवायचं होतं. कुणी न सांगता चांगुणानं ती टोपली डोक्यावर घेतली आणि आईच्या शेजारी चालू लागली. पाणी ओघळलं. माणसं बघत होती, म्हणून पोरगी दोन्ही डोळे ताणून उघडे ठेवत होती.

हौसा तिला म्हणाली, "मीट गो डोळा. उघड्या डोळ्यानं कुनी नेलंय व्हय मीठ?"