नगराध्यक्षांच्या परदेशयात्रेचं मावंदं

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग जरा ओशाळल्यासारखं होतं. हसू कशाचं ते पुढे कळेलच. ओशाळतो अशासाठी, की पोलीस खात्यात वीस वर्षं घासल्यावरही हातातला एक साधा कागद मला नीट वाचता आला नव्हता.

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. जिल्ह्यातल्या एका लहान नगरपालिकेच्या गावात मी ठाणे प्रभारी होतो. गावाचं आणि माणसांचं नाव सांगत नाही, कारण त्यांची लेकरंबाळं अजून तिथंच नांदतात. त्या उन्हाळ्यात गावाला आठ दिवसांनी एकदा नळ यायचा, तोही तासभर. अशा वेळी नगराध्यक्ष, चार नगरसेवक आणि दोन अधिकारी 'पाणीपुरवठा व्यवस्थापनाचा अभ्यास' करायला पालिकेच्या खर्चानं सिंगापूरला जाऊन आले. अभ्यास काय केला ते कुणाला कळलं नाही. पण एका कारंज्यासमोर टोप्या घालून उभे असलेल्या सातही जणांचा फोटो पेपरात छापून आला आणि गाव पेटलं. लोकांचा राग विमानावर होता त्यापेक्षा जास्त त्या कारंज्यावर होता. अध्यक्षांच्या घरासमोर रोज धरणं धरून लोक बसू लागले. शेवटी अध्यक्ष घर सोडून शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्याशेजारच्या खोपीत, मुक्कामाला गेले.

आणि मग ती पत्रिका निघाली.

आमच्या एका हवालदाराच्या बायकोनं बाजारातून मेथी आणली, त्या जुडीसोबत पत्रिका घरात आली. हवालदार ती टोपीत लपवून ठाण्यात घेऊन आला. चारही कोपऱ्यांना हळद लावलेली, लग्नपत्रिकेसारखी गुलाबी पत्रिका. मजकूर असा होता :

'आमचे चि. नगराध्यक्ष हे गावाच्या खर्चाने सातासमुद्रापार यात्रा करून सुखरूप परत आले. त्याप्रीत्यर्थ येत्या गुरुवारी मावंदे करण्याचे योजिले आहे. तरी समस्त गावकऱ्यांनी सहकुटुंब भोजनास यावे. वेळ : नळ येऊन गेल्यावर. स्थळ : राहते घर.'

काशीयात्रा करून आलेला माणूस गावाला जेवू घालतो, ते मावंदं. दुपारपर्यंत ठाण्यातल्या प्रत्येकाला पत्रिका पाठ झाली होती. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहिता लिहिता मध्येच 'नळ येऊन गेल्यावर' म्हणायचा आणि एकटाच हसायचा. हसू मलाही आवरत नव्हतं, पण खुर्चीमुळे आवरावं लागत होतं.

संध्याकाळी अध्यक्ष स्वतः आले. चेहरा लालबुंद.

"साहेब, ही बनावट पत्रिका हाय. माझ्या नावावर गाव जेवाय बोलावलंय. धरा त्याला."

"कुणाला?"

"दुसरा कोण असणार? तो व्हॉल्व्हवाला."

गावाचे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडण्याचं काम करणारा तो माणूस अकरा वर्षं पालिकेत रोजंदारीवर होता. कायम करायच्या यादीत यंदा त्याचं नाव पहिलं होतं. पाणी येत नाही म्हणून लोक त्याला शिव्या घालायचे. एकदा चौकात वैतागून तो म्हणाला होता, "थांबा की, साहेब लोक सिंगापूरहून नळ घेऊन येऊन राहिले." हे वाक्य गावभर झालं होतं. आता पत्रिकेत नळाचा उल्लेख आला, म्हणून अध्यक्षांनी त्याला त्याच दिवशी कामावरून बंद केलं आणि वर मला बजावलं, "गुन्हा दाखल झाला की यादीतून नाव कायमचं कटलं."

बदनामीचं प्रकरण अदखलपात्र, त्यामुळे मी घाईनं गुन्हा न नोंदवता अर्ज चौकशीवर ठेवला. पण खरं सांगतो, मलाही तोच वाटत होता. तीन दिवसांनी त्याला ठाण्यात बोलावलं.

पन्नाशीचा, काटक, धुवट पांढरा शर्ट. "जयभीम साहेब," म्हणून समोर ताठ बसला. चौकशीआधी समोरच्याला चहा पाजायची माझी पद्धत होती. मनात खोट असलेला माणूस चहा पुरा पीत नाही, असा माझा शोध होता आणि त्याचा मला भलता अभिमान होता. यानं अर्धा कप ठेवला. मी मनात म्हटलं, सापडला.

"चहा का ठेवला?"

"साखर लई हाय साहेब. मला तकलीफ हाय साखरेची."

हवालदारानं खिडकीबाहेर पाहिलं. मी घसा साफ करून पत्रिका पुढं सरकवली.

"हे तू लिहिलंस?"

त्यानं चष्मा काढून पुसला आणि सावकाश वाचलं. हसला नाही. अध्यक्ष सोडले तर या गावात ती पत्रिका न हसता वाचणारा मला तो पहिलाच माणूस भेटला.

"साहेब, मी काहून लिहीन? हे ज्यानं लिहिलं त्याच्या घरी गुरुवारी नळ येतो. माझ्या गल्लीला सोमवारी हाय. मी लिवलं असतं तर गुरुवारला 'नळ येऊन गेल्यावर' अशी वेळ माझ्या मनात तरी आली असती का?"

मी पेन खाली ठेवला. नळाचं वेळापत्रक गावात फक्त याला तोंडपाठ होतं आणि त्याच वेळापत्रकानं तो सुटत होता.

"मग गुरुवारी कुणाकडे येतो नळ?"

तो जरा चुळबुळला. "एकाच गल्लीला येतो, साहेब. अध्यक्षसाहेबांच्या."

मला वाटलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कुणीतरी जुना हिशेब चुकवतोय. भाऊबंदकी असेल, बांधाचं भांडण असेल. हवालदाराला घेऊन मी त्या गल्लीत गेलो. धरणं धरून बसलेल्यांनी आमच्याकडे पाहून घोषणा दिल्या. जाहीर झालं होतं की गुरुवारी सगळं गाव घरून ताट-वाटी घेऊन अध्यक्षांच्या दारात जेवायला बसणार आणि जेवण मिळेपर्यंत उठणार नाही. म्हणजे मला त्या दिवसाचा बंदोबस्तही लावायचा होता.

सुरुवात अध्यक्षांच्याच घरापासून करावी म्हणून मागच्या दारानं आत गेलो. अंगणात ऐंशीच्या घरातल्या एक आजी गहू निवडत बसल्या होत्या. अध्यक्षांची आई. शेजारी तांड्यावरची भाजीवाली बसून त्यांना मदत करत होती. भिंतीला गव्हाची पोती रचलेली. आणि आजींच्या मांडीजवळ गुलाबी पत्रिकांचा गठ्ठा आणि हळदीची वाटी.

हवालदार माझ्याकडे बघायला लागला, मी हवालदाराकडे.

"या साहेब," आजी म्हणाल्या. त्यांना ऐकायला कमी येत होतं, म्हणून मोठ्यानं बोलायच्या. "तुमाला बोलवायचंच ऱ्हायलं होतं. पोलिसाला बी पोट हाय की." त्यांनी एका पत्रिकेला चार बोटं हळद लावली आणि माझ्या हातात दिली.

मी खाली बसलो. "आजी, या पत्रिका कुणी छापल्या?"

"माझ्या भाच्यानं. जवळा बाजारला छापखाना हाय त्याचा. मी सांगितलं तसं बराबर लिवलं त्यानं. वाटायचं काम हिचं. बाजाराच्या दिवशी भाजीसंगं एकेक देऊन ऱ्हायली." भाजीवालीनं कौतुकानं मान हलवली.

"आणि हे… गावाच्या खर्चानं, असं?"

"मंग कोणाच्या? गावानंच धाडलं ना त्याला." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच जरा मंद आहे. "आपल्या पैशानं काशीला जाणारा बी गावाला जेवाय घालतो. हा तं गावाच्या पैशानं गेला. त्यानं नको घालाय?"

आठवडाभर धरणं, घोषणा, निवेदनं चालली होती, पण हा प्रश्न इतका सरळ कुणीच विचारला नव्हता.

"पण नळ येऊन गेल्यावर…"

"नळ यायच्या वक्ताला कोणती बाई घर सोडून जेवाय येईल, साहेब?"

"लेकाला विचारलंत का हे?"

"इचारलं की. आला त्याच दिवशी म्हणलं, मावंदं कधी? तो म्हणे, तूच बघ काय ते. म्हणून मी बघून राहिले."

मी पुन्हा पत्रिकेकडे पाहिलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं : 'आमचे चि.' पन्नाशी ओलांडलेल्या नगराध्यक्षाला चिरंजीव म्हणणारं माणूस जगात एकच असू शकतं. तीन दिवस मी ते 'चि.' थट्टेचा कळस म्हणून वाचत होतो. पत्रिकेतला शब्द न् शब्द खरा होता आणि टोमणा वाचणाऱ्यांच्या मनात होता. आपल्या पत्रिकेला गाव हसतंय, याचा आजींना पत्ताच नव्हता; दारात बसलेली माणसं लेकाला भेटायला आलीत, असंच त्या समजत होत्या.

तडक आखाड्यावर गेलो. अध्यक्षांना म्हटलं, लिहिणारं माणूस सापडलंय. "कोण?" म्हणून ते उसळून उभे राहिले. मी पत्रिका दिली आणि पहिल्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. ते बघत राहिले. मग बाजेवर बसले.

"मीच म्हणलो होतो तिला," ते म्हणाले. "तूच बघ म्हणून. मला वाटलं इसरून जाईल." मग एकदम माझा हात धरला. "साहेब, मी अर्ज मागं घेतो. पण तिला कळू देऊ नका. लेकरानं आपल्यावर पोलीस घातले, हे तिला कळलं तर ती अन्न सोडील."

"नाही कळणार. पण व्हॉल्व्हवाल्याचं काय?"

"उद्यापासून कामावर. यादीत बी त्याचं नाव ऱ्हाईल, मी जातीनं बघतो."

मी तसाच त्या माणसाच्या घरी गेलो. चार दिवस त्याच्या घरात कमाई नव्हती आणि यादीतून नाव जायच्या धास्तीनं त्याची बायको आजारी पडल्यासारखी झाली होती. सगळं सांगितलं. तो चिडला असता तर त्याचा हक्कच होता. तो पोट धरून हसला.

गुरुवारी नळ येऊन गेल्यावर सगळं गाव हातात ताटं वाजवत, घोषणा देत अध्यक्षांच्या दारात आलं. मी गेटवर दोन्ही बाजूंना माणसं उभी केली होती. आजी बाहेर आल्या, गर्दीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"अगं बाई! ताटं बी घरूनच घेऊन आले! किती शहाणं गाव हाय!" त्या ओरडून म्हणाल्या. "बसा, बसा. पंगत धरा."

घोषणा जागच्या जागी थांबल्या. पुढची दोन-चार माणसं एकमेकांकडे पाहत खाली बसली. मग मागची बसली. पुऱ्या, वांग्याची भाजी, वरण-भात आणि बुंदी. अध्यक्ष स्वतः बुंदीची बादली घेऊन वाढत होते. एका म्हाताऱ्यानं त्यांना विचारलं, "काय पाहिलं रं तिकडं?" अध्यक्ष थांबले. "रोज नळ येतो तिथं, काका," ते म्हणाले. पंगत मोठ्यानं हसली आणि तेही हसले. राग काही संपला नव्हता. पुढच्या सर्वसाधारण सभेला लोकांनी त्यांना दौऱ्यावरून चांगलंच धारेवर धरलं आणि परदेश दौऱ्याचा ठराव त्या पालिकेत माझ्या बदलीपर्यंत तरी पुन्हा आला नाही. पण त्या दुपारी ज्या दारात दंगल व्हायची भीती होती, तिथं लोक भाजी पुन्हा मागत होते.

या प्रकरणानंतर मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या फौजदाराला एकच गोष्ट सांगत आलो : कागद आला की त्यामागचा डाव शोधण्याआधी, तो जसा लिहिलाय तसाच खरा असेल का, एवढं आधी बघ. चहाचा शोध मात्र मी कुणालाही शिकवला नाही.

आजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली, म्हणून हे लिहायला हरकत नाही. त्यांना शेवटपर्यंत कुणी काही सांगितलं नाही. आठवडाभर त्या पत्रिकेवर हसलेलं अख्खं गाव; पत्रिका कुणाची ते पंगतीत सगळ्यांनाच उमगलं, पण एकाच्याही तोंडून शब्द बाहेर पडला नाही. त्या पंगतीत मात्र एकदा ते फुटता फुटता राहिलं. व्हॉल्व्हवाला पहिल्या ओळीत जेवत होता. आजी त्याच्यासमोर येऊन थांबल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काय रं बाबा, चार दिवस दिसला न्हाईस? नळाचं पार बिघडलं होतं."

आजूबाजूचे हात ताटात थांबले. अध्यक्ष बादली घेऊन उभे होते तिथंच उभे राहिले.

त्यानं वर पाहिलं. "सुटीवर होतो, आजी."

"मंग बरं. मला वाटलं आजारी पडला की काय." त्या लेकाकडे वळल्या. "असा उभा काहून? वाढ की त्याला."

अध्यक्षांनी खाली वाकून त्याच्या ताटात बुंदी वाढली. साखरेची तकलीफ असलेल्या त्या माणसानं ती सगळी खाल्ली.