अब्बांचं स्टूल

माझे अब्बा सरकारी कचेरीत शिपाई होते. त्यांच्या निरोप समारंभाचा फोटो आमच्या सोप्यात, दारासमोरच्या भिंतीवर लावलाय. साहेबांनी त्या दिवशी त्यांना फेटा बांधला, नारळ दिला आणि हट्टाने आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. फोटो नीट बघितला तर कळतं, अब्बा खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकलेत. फोटो निघेपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला असणार.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे, गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. खाली बसायचं नाही, नमाज खुर्चीवर पढायची, असं डॉक्टरांनी बजावलं. धर्मात तशी मुभा आहेच. आमच्या मशिदीत भिंतीकडेला प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, त्यांवर मोजके म्हातारे बसतात. अब्बा एका शुक्रवारी त्यातल्या एका खुर्चीवर बसले आणि घरी येऊन म्हणाले, आता मी मशिदीत येणार नाही.

आमच्या घरात दखनी बोलतात. पण अब्बा चिडले की थेट कोल्हापुरी मराठीवर येतात.

"समदी सजद्यात, कपाळ जमिनीला टेकवून. आन् मी एकटा वर, खुर्चीत. मी काय तहसीलदार हाय व्हय?"

"अब्बा, मजबुरी आहे. मौलानांनीच सांगितलंय."

"चालतंय, ते मला म्हाईत हाय की. पर जीव लागत न्हाय. वर बसलं की नजर फिरती. म्होरच्याच्या पायमोज्याला भोक पडलंय, नमाजभर त्येच बघत हुतो मी."

मला हसू आलं, कारण माझी नमाज रोज अशीच होते. शाहूपुरीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. एरवी शोधून सापडत नाही तो बारका स्क्रू कुठे ठेवलाय, हे मला हमखास नमाजेत आठवतं. अब्बांचं तसं नव्हतं. ते हात बांधून उभे राहिले की शेजारी भांड्यांची उतरंड कोसळली तरी पापणी हलायची नाही. त्यांची तीच एक श्रीमंती होती आणि तीच हातची गेली होती.

मग ते घरीच पलंगाच्या काठावर बसून नमाज पढू लागले. शुक्रवारी दुपारची अजान झाली की उगाच परसात जाऊन नळ गळतोय का बघायचे. मी निघून गेल्यावरच आत यायचे, असं अम्मा सांगायची. ते ऐकून मला गलबलून यायचं. पण गलबलून आलं की मी चिडतो, हा माझा जुना खाक्या. मी बाजारात जाऊन गादीची, घडी घालता येणारी महागातली खुर्ची आणली. दोन दिवसांत तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग लागला.

"खाली बसता येत नाही, खुर्चीवर बसायचं नाही. मग काय लोंबकळून नमाज पढणार का?" मी ओरडलो.

अब्बा उठून परसात नळ बघायला गेले. उलट ओरडले असते तर बरं झालं असतं.

थंडीच्या दिवसांत पेन्शनच्या कामासाठी त्यांना जुन्या कचेरीत न्यावं लागलं. साहेब कामात होते. आताचे शिपाई मुरगूडचे, मोकळे गृहस्थ. "या पावणं, सोफ्यावर बसा की," म्हणाले. मी बसलो. अब्बांनी सोफ्याकडे बघितलं, केबिनच्या दाराजवळच्या लाकडी स्टुलाकडे बघितलं आणि जाऊन स्टुलावर बसले.

"मला हितंच बरं हाय."

मी मोबाईल बघत होतो. व्हरांड्यात कुणीतरी सातबाऱ्यावरून तावातावाने भांडत होतं. भांडण फारच चढलं म्हणून मी मान वर केली, आणि अब्बांकडे बघतच राहिलो. पाठ सरळ, हात गुडघ्यांवर, नजर फरशीवर, कान दाराकडे. भांडण त्यांच्या गावीही नव्हतं. एवढ्यात आत बेल वाजली आणि अब्बा अर्धे उठले.

"बसा मामा, आता माझी पाळी," मुरगूडकर हसत आत गेले. अब्बाही हसले.

हे बसणं मी आधी पाहिलेलं होतं. लहानपणी, मशिदीत, नमाजेत गुडघे मोडून बसलेल्या त्यांच्याच शेजारी.

येताना मी सुताराकडे गाडी थांबवली. चार दिवसांनी स्टूल घरी आलं. अब्बांनी ते उलटं करून बघितलं, हलतंय का म्हणून चारी पाय दाबले आणि पलंगाशेजारी ठेवून त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. मी आशा सोडली. पण शुक्रवारी मी निघालो तर ते अत्तर लावून दारात उभे.

"स्टूल कोण आणणार? मी? दोन्ही हातानं धर, नवं हाय."

ओळीच्या टोकाला, आमच्या पायांच्या रेषेत स्टूल ठेवलं. सजद्याची वेळ आली तशी सगळी ओळ खाली गेली, आणि अब्बा स्टुलावर टेकून जमेल तेवढे वाकले. पुढे सगळे बसलेले असताना कुणाचा तरी मोबाईल लग्नाच्या गाण्यासकट वाजला. ओळीत चुळबुळ झाली. मी चोरून अब्बांकडे बघितलं, म्हणजे माझी नमाज नेहमीसारखीच चालू होती. त्यांचे हात गुडघ्यांवर होते, नजर खाली. गाणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. माझ्या जिवात जीव आला.

परतताना मला खोडी काढल्याशिवाय राहवेना.

"काय अब्बा, वाजली का बेल आज?"

ते काठी टेकत चालत राहिले. मला वाटलं, रागावले.

"बेल त्येच्या मर्जीनं वाजंल," कोपऱ्यावर थांबून ते म्हणाले. "भाईर कोण बसलंय, ते आतल्याला ठावं असतंय."

माझे डोळे भरून आले. स्टूल दोन्ही हातांत होतं, त्यामुळे पुसता आले नाहीत.