चंदेरी शिक्का

काल कपाट आवरताना ‘गुणवत्ता प्रमाणित’ असं छापलेल्या चंदेरी स्टिकरांचा उरलेला रोल सापडला, आणि केजमधलं माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आठवलं. कॅसेटी जाऊन नुकत्याच सीडी आल्या होत्या. नांदूरघाटच्या एक मावशी बाळंतपणात गेलेल्या लेकीच्या लग्नाची कॅसेट घेऊन आल्या. मी ती सगळ्यात हलक्या सीडीवर उतरवली, वर बाजारातून आणलेलं स्टिकर डकवलं आणि म्हणालो, “प्रमाणित माल हाय मावशी, कॅसेट आता कशाला सांभाळता?” त्यांनी ती माझ्याकडंच ठेवली आणि मी तिच्यावर दुसऱ्याचं लग्न चित्रित केलं. दोन वर्षांनी त्या पुन्हा आल्या. सीडी पदरात गुंडाळलेली होती. “लेक दिसंनाच झाली बघा,” त्या म्हणाल्या. मी सीडी उजेडात धरली, तर आतला थर पापुद्र्यासारखा सुटलेला. “शिक्का हाय म्हंजे सीडी चांगलीच आसंल. आमची मशीनच बिघडली का वो?” मी म्हणालो, “व्हय मावशी, मशीनच.” त्यांनी सीडी जपून पदरात बांधली आणि दुरुस्तीवाल्याचा पत्ता विचारला. तोही मी नीट समजावून सांगितला. त्या शिक्क्याला काहीच अर्थ नव्हता, असं मला अजून म्हणता येत नाही. त्यानं मला वाचवलं.